वाचनालयाच्या संकेतस्थळावरचे व्हिडिओ: आधी वेबएम की आधी एमपी४?

गोदातीर (धागाकर्ता)

नाशिकमधल्या एका जुन्या वाचनालयात मी स्वयंसेवक म्हणून काम करतो. तिथे झालेल्या व्याख्यानांच्या व्हीएचएस आणि मिनीडीव्ही कॅसेट कपाटांत भरून आहेत. त्या डिजिटल करून संस्थेच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी फुकट ठेवायच्या, यावर कार्यकारिणीत एकमत आहे. वाद आहे तो फॉरमॅटवर. बहुतेकांचं म्हणणं, एमपी४ करा, आत एच.२६४, कुठेही चालतं, आणखी डोकं लावू नका. (एमपी४ हा फायलीचा डबा, एच.२६४ ही त्यातलं चित्र दाबून लहान करायची पद्धत, म्हणजे कोडेक.) मला ते पटत नाही. हा प्रश्न एका वाचनालयापुरता नाही म्हणून इथे मांडतोय. ग्रामपंचायती, शाळा, नाट्यसंस्था, शेतकऱ्यांचे गट, सगळेच आता व्हिडिओ टाकतात.

मी सुचवलंय ते असं. पानावरच्या व्हिडिओ टॅगमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाखवणाऱ्या कोडमध्ये, दोन स्रोत द्यायचे. पहिला वेबएम, हा खुला डबा; त्यात चित्र व्हीपी९ या खुल्या कोडेकचं आणि आवाज ओपसचा. त्याखाली एमपी४. ब्राउझर वरून खाली वाचत जातो आणि चालवता येईल असा पहिला स्रोत उचलतो. ज्याच्याकडे वेबएम चालत नाही त्याला आपोआप एमपी४ मिळतं, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मग दोन-दोन फायली कशाला, असं विचारलं जातं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

व्हिडिओ टॅगचा प्रस्ताव ऑपेराने २००७ मध्ये मांडला. एचटीएमएल५च्या, म्हणजे वेबपानांच्या मानकाच्या, मसुद्यात तेव्हा शिफारस होती की ब्राउझरांनी ऑग थिओरा हा खुला फॉरमॅट चालवावा. नोकिया आणि अ‍ॅपलने विरोध केला आणि डिसेंबर २००७ मध्ये ती ओळ निघाली. २००९च्या मध्यावर मसुद्याचे संपादक इयन हिक्सन यांनी सांगून टाकलं की सगळे ब्राउझरवाले मान्य करतील असा एकही कोडेक नाही, तेव्हा मानकात कुठल्याच कोडेकची सक्ती नसेल. आजही नाही. मोझिला आणि ऑपेरा थिओराकडे, अ‍ॅपल एच.२६४कडे, गूगल दोन्हींकडे, अशी विभागणी झाली ती तेव्हाच.

आता २०१० सालच्या तारखा बघा. एच.२६४ची पेटंटं एकत्र करून परवाने देणारी संस्था तेव्हा एमपीईजी एलए होती. तिने फेब्रुवारीत जाहीर केलं की इंटरनेटवर फुकट दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओवर २०१५ अखेरपर्यंत शुल्क घेणार नाही. त्यानंतर काय, याचं उत्तर नव्हतं. मे महिन्यात गूगलने ऑन२ कंपनी विकत घेऊन मिळवलेला व्हीपी८ (व्हीपी९च्या आधीचा कोडेक) सगळ्यांना खुला केला आणि वेबएम आला. ऑगस्टमध्ये त्याच एमपीईजी एलएने कळवलं की अशा फुकट व्हिडिओवर शुल्क कधीच घेणार नाही. एमपी४ची आज आपण गृहीत धरलेली सवलत शेजारी खुला पर्याय उभा राहिल्यावर तीन महिन्यांत कायमची झाली. हा निव्वळ योगायोग होता असं मला वाटत नाही.

एच.२६४नंतरच्या एचइव्हीसीचं (म्हणजे एच.२६५चं) बघा. मानक २०१३चं. पेटंटवाल्यांचे एकाऐवजी तीन गट झाले, काही जण तिन्ही गटांच्या बाहेर राहिले. क्रोममध्ये तो २०२२पर्यंत आला नाही, आणि आला तोही यंत्रात त्याचं हार्डवेअर असेल तरच.

ब्राउझर एखादा फॉरमॅट सांभाळतात ते त्यात बघण्यासारखं काही असतं म्हणून. यूट्यूबने व्हीपी९ लावून धरला, तेव्हा कुठे २०२० मध्ये अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने तो घेतला. विकिपीडियाच्या चित्र-व्हिडिओंचा साठा असलेल्या विकिमीडिया कॉमन्सने २०१४ मध्ये एमपी४ घ्यावं का यावर मतं मागवली आणि समुदायाने ते नाकारलं. आपण त्यांच्या तुलनेत लहान आहोत. पण लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने लोकांचा ठेवा ठेवताना पहिला मान कुणाच्या परवान्यावर न चालणाऱ्या फॉरमॅटला द्यावा, हे मला मनापासून वाटतं. विरोधी मतं सविस्तर यावीत.

सातपूरकर

विरोधी मत देतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, म्हणून हार्डवेअरच्या बाजूने.

कोडेक ब्राउझरमध्ये 'चालतो' म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. क्रोम किंवा फायरफॉक्स व्हीपी९ला 'हो, येतं' म्हणतात, कारण त्यांच्याकडे सॉफ्टवेअर डिकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारा प्रोग्राम, असतो. चिपमध्ये व्हीपी९चा डिकोडर नसेल तर सगळं काम प्रोसेसरवर पडतं. फोन तापतो, बॅटरी उतरते, जुन्या संगणकावर चित्र अडकतं. एच.२६४चा डिकोडर मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये, टीव्हीमध्ये, लॅपटॉपमध्ये बसवलेला आहे. तुमचं गणित वरून खाली चालतं ना? मग जुना फोन वेबएमलाच 'येतं' म्हणेल, एमपी४पर्यंत पोचणारच नाही, आणि आजोबांना व्याख्यान अडकत-अडकत दिसेल. पर्याय खाली तयार असूनही त्यांना मिळणार नाही.

आयफोनचं तर विचारूच नका. वेबएमची फाइल आयफोनच्या सफारीत सरळ चालू लागली ती आवृत्ती १७.४पासून, म्हणजे २०२४ मध्ये. टॅग आल्यानंतर सतरा वर्षांनी.

आणि ज्यांनी खुल्या फॉरमॅटचा झेंडा घेतला होता त्यांचं काय झालं? जानेवारी २०११ मध्ये गूगलने सांगितलं, क्रोममधून एच.२६४ काढणार. काढलंच नाही. मोझिलाने मार्च २०१२ मध्ये जाहीर केलं की यंत्रातला डिकोडर वापरून एच.२६४ चालवू. इतक्या मोठ्या संस्थांना जे जमलं नाही ते वाचनालयाच्या पानावरच्या दोन ओळींनी होणार आहे का? त्यापेक्षा प्रत्येक व्हिडिओ दोनदा एन्कोड करण्यात जाणारा वेळ कॅसेट साफ करण्यात घालवा. बुरशी थांबत नाही.

लिनक्सप्रेमी

सातपूरकर, मोझिलाची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्यांनी माघार घेतली कारण पैसे मागणारा फॉरमॅट सगळीकडे पसरून बसला होता. २०१०च्या सुमारास ब्राउझरसाठी एच.२६४चा परवाना वर्षाला ५० लाख डॉलरपर्यंत जात होता. तो भरला असता तरी फायरफॉक्सचा कोड घेऊन स्वतःचा ब्राउझर बनवणाऱ्याला तो लागू झाला नसता. शेवटी २०१३ मध्ये सिस्कोने स्वतःचा ओपनएच२६४ हा एच.२६४चा कोडेक फुकट द्यायचं ठरवलं. त्याचं शुल्क सिस्को भरते, म्हणून फायरफॉक्स ती बनवलेली फाइल सिस्कोकडून उतरवून घेतो. एक मुक्त ब्राउझर दुसऱ्या कंपनीच्या औदार्यावर उभा आहे, ही स्थिती तुम्हाला ठीक वाटते?

फेडोरा या लिनक्स प्रणालीने २०२२ मध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एच.२६४ आणि एच.२६५चं हार्डवेअर डिकोडिंग बंद केलं, कायदेशीर जोखमीपोटीच. मी एका शाळेत दान मिळालेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून दिलं. वेबएम पहिल्या दिवसापासून चाललं, एमपी४साठी वेगळे कोडेक शोधून टाकावे लागले. फुकट संगणक वापरणाऱ्या मुलांना 'सगळीकडे चालतं' हे वाक्य लागू पडत नाही.

फोन तापण्याच्या मुद्द्यावर इलाज आहे. ब्राउझरांत मीडिया कॅपॅबिलिटीज नावाची सोय आहे. तिला फॉरमॅट, आकार आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा) सांगितला की ती तीन उत्तरं देते: चालेल का, न अडकता चालेल का, आणि बॅटरी वाचवून चालेल का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर एमपी४ द्यायचं. चार-सहा ओळींची स्क्रिप्ट लागेल.

कॉलेजरोड क्लासवाले

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा साधा विचार करतो. यूट्यूबवर टाका. एक फाइल द्या, ते व्हीपी९ करतात, एच.२६४ करतात, लहान-मोठे सगळे आकार करतात, ज्याच्या फोनला जे झेपेल ते देतात. सर्व्हरचा खर्च शून्य. लोक शोधतातही तिथेच. आमच्या क्लासचे सगळे सराव व्हिडिओ तसेच आहेत. वाचनालयाने फॉरमॅटच्या वादात पडायचं कारणच नाही.

निफाडकर

क्लासवाले सर, आमच्या द्राक्षवाल्यांच्या गटाने असंच केलं होतं. खरड छाटणी, ऑक्टोबर छाटणी, विरळणी, डिपिंग, सगळं शूट करून एका व्हिडिओ अ‍ॅपवर ठेवलं होतं. अ‍ॅप बंद पडलं. मूळ फायली ज्याच्या फोनमध्ये होत्या त्याने फोन बदलला होता. आता आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून-फिरून धुरकट झालेल्या प्रती उरल्यात. दुसऱ्याच्या जागेवर ठेवायला हरकत नाही, पण आपली स्वतःची जागा हवीच.

फॉरमॅटचं मला फार कळत नाही. पण गोदातीर यांनी २०१०च्या ज्या तारखा दिल्या त्या मला लगेच समजल्या. लासलगावला लिलावात एकच व्यापारी उभा राहिला तर कांद्याला भाव काय मिळतो ते आम्हाला माहीत आहे. दुसरा नुसता उभा असला तरी फरक पडतो.

शूटिंगवाला मनमाड

मी लग्नं आणि कार्यक्रम शूट करतो. दोन गोष्टी सांगतो.

एक, कॅमेरा एच.२६४ किंवा एचइव्हीसीच देतो. वेबएम देणारा व्यावसायिक कॅमेरा मी पाहिलेला नाही. म्हणजे वेबएम करायचं तर आधीच दाबलेलं पुन्हा दाबायचं. प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो आणि तो परत येत नाही. अंधाऱ्या सभागृहातलं शूटिंग असेल तर काळ्या भागात ठोकळे दिसायला लागतात.

दोन, ज्याला क्लिप कापून घ्यायची आहे त्याचं काय? माझं एडिटिंग सॉफ्टवेअर वेबएम उघडत नाही. वर्तमानपत्रवाला, कॉलेजचा मुलगा, वक्त्याचे नातेवाईक, सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल अशी फाइल हवी असते. ती एमपी४ असते. तुमच्या तत्त्वापायी लोकांची अडचण करू नका.

गोदातीर

मनमाडकर दादा, एमपी४ काढून टाका असं मी कुठेच म्हटलेलं नाही. उतरवून घेण्यासाठी दोन्हींचे दुवे असतील, ज्याला जे हवं ते घेईल. कॅमेऱ्यातून एच.२६४च आलं असेल तर मूळ फाइल जशीच्या तशी जपायची, हेही बरोबर. आमच्याकडे मात्र कॅसेट आहेत. व्हीएचएसमधून येणारा सिग्नल अ‍ॅनालॉग आहे, तो आधी दाबलेला नाही. तिथे आपण पहिल्यांदाच फॉरमॅट निवडतोय.

अ‍ॅड. पंचवटी

कायद्याच्या बाजूने, कारण दोन्हीकडून थोडी घाई होते आहे.

पहिलं, वाचनालयाला एच.२६४साठी काही भरावं लागेल ही भीती निराधार आहे. फुकट इंटरनेट व्हिडिओचं वर आलंच. पैसे घेणाऱ्यांसाठीही मर्यादा होत्या: वर्गणीदार १ लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही, आणि एकेक व्हिडिओ विकत असाल तर १२ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओला नाही. डिकोडर-एन्कोडर बनवणाऱ्यांना वर्षाला पहिले १ लाख नग माफ, त्यापुढे नगाला २० सेंट, ५० लाख नगांपुढे १० सेंट. म्हणजे हा बोजा उत्पादकावर येतो, प्रेक्षकावर किंवा लहान संस्थेवर सरळ येत नाही. फोनच्या किमतीत मिसळून येतो, तो भाग वेगळा.

दुसरं, 'एन्कोडर फुकट मिळतो म्हणजे फॉरमॅट फुकट' हा गैरसमज इथेही दिसतो. एक्स२६४ हे एच.२६४ फायली बनवणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याचा कोड कुणीही घ्यावा. पण त्यात वापरलेल्या पद्धतींवरची पेटंटं वेगळी. कोडचा परवाना लेखक देतो, पेटंटचा परवाना पेटंटधारक देतो.

तिसरं, भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. पण एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. तांत्रिक परिणाम दाखवता आला तर अर्ज टिकतात. मानकांमधल्या अत्यावश्यक पेटंटांवरून आपल्याकडे दावेही झालेत, २०१३ मध्ये एरिक्सन विरुद्ध मायक्रोमॅक्स हा दिल्ली उच्च न्यायालयातला. तो मोबाइल नेटवर्कच्या तंत्राबद्दल होता, पण तर्क तोच.

आणि खुल्या बाजूलाही सगळं स्वच्छ नाही. व्हीपी८बाबत गूगलला २०१३ मध्ये एमपीईजी एलएशी करार करावा लागला, तेव्हा अकरा पेटंटधारकांचा प्रश्न मिटला. सिसवेल या कंपनीने २०१९ मध्ये व्हीपी९ आणि एव्ही१ (व्हीपी९नंतरचा खुला कोडेक) दोन्हींसाठी स्वतःचा पेटंट गट जाहीर केला. 'खुला' म्हणजे बनवणाऱ्यांनी आपली पेटंटं मोफत दिली. तिसरा कुणी दावा करणारच नाही, याची हमी त्यात नसते.

एवढं सांगूनही माझं मत गोदातीर यांच्या बाजूने आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण आणलं. मानक वापरात असेपर्यंत त्यासाठी स्वामित्वशुल्क लागू नये, ही त्यातली मुख्य अट. ते वाचनालयाला बंधनकारक नाही. पण सार्वजनिक पैशातून उभं राहणारं काम कुठल्या दिशेने असावं हे त्यात लिहिलेलं आहे, आणि ती दिशा मला योग्य वाटते.

सातपूरकर

वकीलताई, तुमच्याच माहितीवरून पुढचं म्हणतो. पेटंट २० वर्षांचं असतं. एच.२६४चं मानक मे २००३चं. त्यातल्या मूळ भागांवरची पेटंटं संपत चालली आहेत, उरलेलीही संपतील. म्हणजे जो फॉरमॅट सगळीकडे चालतो तोच काही वर्षांत बिनशुल्क होणार. लढाई वेळेनेच सुटते आहे.

उलट थिओराचं काय झालं ते कुणीच का सांगत नाही? क्रोमने आणि फायरफॉक्सने २०२४ मध्ये त्याचा आधार काढून टाकला. कारण दिलं सुरक्षेचं: मीडिया डिकोडरवर हल्ले होतात, वापर नगण्य, मग हा जुना कोड जोखीम म्हणून कशाला बाळगायचा. कारण योग्यच आहे. पण २००९ मध्ये ज्या संस्थेने तत्त्व म्हणून फक्त थिओरा ठेवला, तिचे व्हिडिओ आज ब्राउझरमध्ये चालत नाहीत. त्याच वर्षी एमपी४ ठेवणाऱ्याचे चालतात. जपणुकीची भाषा तुम्ही करता, म्हणून विचारतो, यात जपलं कुणी?

गोदातीर

हा आतापर्यंतचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे, म्हणून सविस्तर.

थिओरा ब्राउझरमधून गेला, पण त्यातलं काही हरवलं नाही. एफएफएमपेग आणि व्हीएलसी ही मुक्त सॉफ्टवेअर आजही तो उघडतात. विकिमीडियाने आपल्या जुन्या थिओरा फायलींच्या वेबएम आवृत्त्या तयार केल्या. त्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागली नाही. फॉरमॅटची माहिती आणि डिकोडरचा कोड सगळ्यांच्या हातात असतो तेव्हा ब्राउझरने दार लावलं तरी दुसरं दार आपण काढू शकतो.

वापर नगण्य का राहिला, हेही विचारा. डिसेंबर २००७ मध्ये ती ओळ निघाली नसती तर? याचं उत्तर आवाजाच्या बाबतीत मिळालं आहे. ब्राउझरमधल्या थेट संभाषणासाठी, वेबआरटीसीमध्ये, ओपस बंधनकारक केला. ओपस २०१२ मध्ये मानक झाला आणि आज सगळीकडे आहे, व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेजही त्यातच जातो. त्याच वेबआरटीसीमध्ये चित्राच्या बाबतीत एकमत होईना, म्हणून शेवटी व्हीपी८ आणि एच.२६४ दोन्ही बंधनकारक केले. मानकात नाव आलं की फॉरमॅट जगतो. फक्त बाजारावर सोडलं की जो आधी चिपमध्ये शिरला तो जगतो.

पेटंटं संपतील म्हणता, मान्य. तोवर जग पुढे सरकलेलं असतं. एच.२६४ मोकळा होईपर्यंत एचइव्हीसी आला, आयफोन २०१७पासून त्यातच शूट करू लागला. वाट बघत बसलं तर आपण कायम एक पिढी मागचा फॉरमॅट वापरणार. एव्ही१साठी अ‍ॅमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स २०१५ मध्ये एकत्र आले, ते एचइव्हीसीच्या परवान्यांचा गोंधळ बघूनच. अ‍ॅपल २०१८ मध्ये सामील झालं. सफारीत एव्ही१ २०२३ मध्ये आला, तोही ज्या यंत्रांत त्याचं हार्डवेअर आहे तिथेच. हळू झालं, पण झालं.

सुरगाण्याचे मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तुमच्या चर्चेत आमच्या भागाचा विचार यावा म्हणून लिहितो.

आमच्याकडे नेटवर्क एका ठरावीक टेकाडावर गेल्यावर मिळतं. मुलांकडे घरातला एकच फोन असतो, तो संध्याकाळी वडील आल्यावर. मी व्हिडिओ पंचायत समितीच्या गावी जाऊन उतरवतो, मेमरी कार्डवर घालतो आणि मुलांना देतो. माझ्यासाठी पहिला प्रश्न फायलीच्या आकाराचा. व्हीपी९ची फाइल एच.२६४पेक्षा लहान होते, चित्र तेवढंच चांगलं राहून. अँड्रॉइड ४.४पासून व्हीपी९ फोनमध्येच आहे, त्यामुळे कार्डवरून चालायला सहसा अडचण येत नाही. पण सातपूरकर सरांचं तापण्याचं म्हणणंही खरं आहे, स्वस्त फोनवर मी ते पाहिलंय. चित्राचा आकार ३६०पी (उंचीला ३६० ओळी) ठेवला की तो त्रास जवळजवळ जातो.

एक विनंती आहे. व्याख्यान ऐकायचं असतं. माणूस खुर्चीत बसून बोलतोय, दीड तास चित्र हलत नाही. त्याची नुसती आवाजाची फाइल द्या. ओपसमध्ये बोलणं सेकंदाला २४-३२ किलोबिटवरही स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे दीड तासाचं व्याख्यान २० एमबीच्या आसपास. ते मी टेकाडावरूनही उतरवू शकतो.

गोदातीर

मास्तर, ही सूचना कार्यकारिणीपुढे सगळ्यात आधी ठेवतो. प्रत्येक व्याख्यानाच्या पानावर आवाजाची फाइल वर, व्हिडिओ खाली.

देवळालीची

अभिलेखांच्या कामाशी माझा संबंध आहे. मला वाटतं इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. ब्राउझरला काय द्यायचं हा एक, आणि कपाटात काय ठेवायचं हा दुसरा. व्हीपी९ असो की एच.२६४, दोन्ही तपशील टाकून देऊनच फाइल लहान करतात. जतनाची प्रत म्हणून दोन्ही नकोत.

व्हीएचएससाठी एफएफव्ही१ हा कोडेक वापरा, मात्रोस्का डब्यात. तो काहीही टाकून देत नाही, शुल्क नाही, आणि त्याचं वर्णन २०२१ मध्ये आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलं आहे. मात्रोस्काचंही २०२४ मध्ये केलं. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या टेपचा दाबलेला नसलेला व्हिडिओ तासाला ७५ जीबीच्या घरात जातो, एफएफव्ही१मध्ये साधारण निम्मा किंवा कमी. मिनीडीव्हीचं वेगळं आहे. तिथे टेपवर डिजिटल माहितीच आहे, ती फायरवायर केबलने जशीच्या तशी उतरवा, तासाला १३ जीबीच्या आसपास. तिला पुन्हा एन्कोड करू नका. मनमाडकर जे म्हणाले ते इथे शंभर टक्के लागू. आणि संकेतस्थळाची प्रत बनवताना आधी इंटरलेसिंग (एक सोडून एक ओळी आळीपाळीने टिपण्याची जुनी पद्धत) काढा, नाहीतर वक्त्याने हात हलवला की कंगव्यासारख्या रेषा दिसतील, मग फॉरमॅट कुठलाही असो.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आज अपूर्णच उरला आहे. आपल्या जिल्ह्याने तरी हा विषय हलक्यात घेऊ नये.

शूटिंगवाला मनमाड

ताई, फाळक्यांचं उदाहरण इथे बसत नाही. ती फिल्म गेली ती जपली गेली नाही आणि प्रती पुरेशा नव्हत्या म्हणून. फिल्म प्रकाशासमोर धरली की दिसते, तिथे कोडेकचा प्रश्नच नव्हता. माझ्या धंद्यात मी हेच बघतो. लोकांचे व्हिडिओ फॉरमॅट जुना झाला म्हणून जात नाहीत, हार्डडिस्क एकच होती आणि ती बंद पडली म्हणून जातात. तुमच्या एफएफव्ही१ला डिस्क जास्त लागणार, मग संस्था पैसे वाचवायला एकच प्रत ठेवणार. त्यापेक्षा चांगल्या बिटरेटचं एच.२६४ तीन ठिकाणी ठेवलेलं मला बरं वाटेल.

देवळालीची

प्रती अनेक हव्यात, यावर वाद नाही. पण तीन ठिकाणी ठेवलेली प्रत आधीच तपशील गमावलेली असेल तर तीन ठिकाणी तेच नुकसान जपलं जाईल. टेप दुसऱ्यांदा वाचता येईलच असं नाही, व्हीएचएसचे चांगले प्लेअर मिळणं आताच अवघड झालंय. एकदाच संधी आहे असं समजून उतरवा.

लिनक्सप्रेमी

आणि एफएफव्ही१ असेल तर दहा वर्षांनी त्या वेळचा जो खुला फॉरमॅट ब्राउझर चालवत असतील त्यात नवी प्रत काढता येईल, मूळ चित्रातून. एच.२६४च्या प्रतीतून काढली तर दाबलेल्यावर पुन्हा दाबलेलं.

सातपूरकर

कपाटातल्या प्रतीबद्दल देवळालीच्या ताईंचं म्हणणं मला पटलं, तो भाग माझ्याकडून संपला. पानावरच्या क्रमाबद्दल नाही. मी एमपी४ वर आणि वेबएम खाली ठेवीन. बहुसंख्य फोनवर एच.२६४ हार्डवेअरमधून चालतं, ते कमी तापतं, आणि ज्या लिनक्सवर ते नाही तिथे वेबएम मिळतंच. कुणाचंच नुकसान नाही. स्क्रिप्टही नको. ती लिहिणारा स्वयंसेवक उद्या पुण्याला नोकरीला गेला की तिच्याकडे बघणार कोण?

गोदातीर

एमपी४ वर ठेवलं तर वेबएम जवळजवळ कुणीच मागणार नाही. वर्षभराने कार्यकारिणी सर्व्हरची नोंद बघेल, वेबएमच्या फायली कुणी उघडल्या नाहीत असं दिसेल, आणि जागा वाचवायला त्या काढून टाकल्या जातील. थिओराच्या बाबतीत वापर नगण्य म्हणून तो काढला गेला, तो न्याय आपण आपल्याच हाताने लावल्यासारखं होईल. म्हणून क्रमावर मी अडून आहे.

तापण्याचा मुद्दा मास्तरांनी सुचवलेल्या ३६०पीने बराच निघतो. व्याख्यानाला त्याहून मोठं चित्र लागतही नाही, व्हीएचएसमध्ये तेवढा तपशीलच नसतो. स्क्रिप्टची गरज त्यामुळे उरणार नाही. तरीही तुम्ही म्हणता तो जुना फोन असेल तर पुढच्या रविवारी दोन्ही क्रमांची दोन पानं तयार करून इथे दुवे देतो. तुमच्याकडच्या सगळ्यात जुन्या फोनवर चालवून बघा, कुठे अडकतं ते लिहा. मास्तर, तुम्हीही शाळेतल्या फोनवर बघा.

सातपूरकर

दुवे द्या. माझ्याकडे एक जुना अँड्रॉइड फोन आणि त्याहून जुना लॅपटॉप आहे, दोन्हींवर अर्धा-अर्धा तास चालवून किती गरम होतं आणि बॅटरी किती उतरते ते आकड्यांत लिहितो. वेबएमवर फरक मोठा दिसला तर मात्र क्रम बदलायची तयारी ठेवा.